तळखोलची भरती

“पोहता येतं का?” घुगे साहेबांनी विचारलं.

“येतं.”

“दोघींनाही?”

“चंद्राकाकी पाण्यात आधी पडली, चालायला नंतर शिकली, साहेब.”

साहेब हसले नाहीत. हातातल्या छापील कागदावर त्यांनी एक खूण केली आणि पुढचा प्रश्न वाचला, “भरती-ओहोटीचं ज्ञान आहे का?”

मला मनातून हसू फुटलं. मोरवणे बंदरच्या बाईला हे विचारायचं म्हणजे भाकरी थापणारीला पीठ ओळखता येतं का, असं विचारण्यासारखं. “आहे की,” मी ठसक्यात म्हटलं. साहेबांनी तिथंही खूण केली, कागद फाइलमध्ये, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीला दोन गाठी मारल्या आणि पांढरेशुभ्र बूट सांभाळत होडीत पाय ठेवला. होडी जराशी कलली तसा त्यांनी माझा खांदा असा काही पकडला की पुढे आठवडाभर दुखत होता.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही आठ जणी होतो. कोणी मासे विकायची, कोणी कालवं काढायची, कोणी दोन्ही. खाडीतलं कांदळवन पाहुण्यांना दाखवायचं, पक्षी दाखवायचे, वर आमच्या हातचं जेवण घालायचं, अशी एक सरकारी योजना आली आणि मी ती सगळ्यांच्या गळी उतरवली. दारोदार मीच फिरले, अर्ज मीच भरला. त्यातून ही होडी मिळाली, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. शेवटी साहेब येऊन फेरी मारणार, पास केलं तर होडी आमची, नाही तर शेजारच्या खाडीतल्या गटाला. ते लोक नारळ घेऊन तयारच बसले होते.

धक्क्यावरचे बापये, म्हणजे पुरुष मंडळी, तर रोज चेष्टा करायचे. “खाडयेत लोक बघूक काय येतले गो? कुर्ले?” म्हणायचे, म्हणजे खेकडे. आमचे हे त्यांच्यात बसून हसायचे आणि घरी येऊन हळूच विचारायचे, “साहेब कधी येणार?” माझी झोप उडाली होती. होडी गेली असती तर त्या सात जणींना मी तोंड कसं दाखवणार होते?

कामं आम्ही वाटून घेतली होती. सहा जणी जेवणाला. चंद्राकाकी, म्हणजे आमच्या ह्यांची चुलती, वय साठीच्या पुढचं, ती होडीत बसून माहिती सांगणार, कारण तिच्याइतकी खाडी कोणी पालथी घातलेली नव्हती. वल्हवायचं मी आणि निघायची वेळ ठरवायचीही मीच. बाबांनी मला लहानपणीच पाणी शिकवलं होतं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ हाताशी येते. त्या दिवशी एकादशी होती. मी हिशेब केला, साडेआठला निघायचं ठरवलं, आणि सगळ्यांनी मान डोलावली.

तर निघालो. वारा पडलेला, पाणी तुपासारखं. चंद्राकाकी पुढे बसली होती. नव्या लुगड्यावर तिनं भगवं लाइफ जॅकेट चढवलं होतं आणि ती एखाद्या मिरवणुकीत बसल्यासारखी ताठ होती. साहेब मधे, दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून.

“ह्या काकणाचा घरटा,” काकीनं उंच झाडाच्या शेंड्याकडे बोट केलं. “समुद्रगरुड म्हणतंत तुमी. माझ्या लग्नापासून हडेच हा. जोडी बदलली असात, घरटा त्याच.”

साहेबांनी मान वर केली. फळी मात्र सोडली नाही.

“तुमचं गाव कुठलं, साहेब?” मी विचारलं.

“जालन्याकडचं. आमच्याकडं एवढं पाणी एका जागी दिसलं तर लोक घागरी घेऊन रांग लावतील.”

हे ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की हसावं की नाही ते कळेना. काकी मात्र खो खो हसली, आणि तिथून तिची गाडी सुटली. कांदळ कुठला आणि चिप्पी कुठली, मुळं वर का येतात, कुठल्या झाडाखाली कुठला मासा अंडी घालतो, आणि कुठल्या वळणावर तिच्या सासऱ्यानं मगर पाहिली. मी एक डोळा साहेबांच्या तोंडावर ठेवून होते. चेहरा खुलतोय का? कंटाळले तर नाहीत? काकीही त्यांच्याच तोंडाकडे बघून गोष्ट लांबवायची किंवा आवरायची. वल्हं जरा जड लागतंय हे मला जाणवत होतं, पण मी ते साहेबांच्या वजनावर ढकललं.

मोठी खाडी सोडून डाव्या हाताच्या चिंचोळ्या फाट्यात शिरलो. इथं दोन्ही बाजूंनी झाडं डोक्यावर येतात, ऊन गाळून खाली पडतं. खंड्या निळा झोत टाकून गेला. साहेबांनी पहिल्यांदाच एक हात सोडला आणि बोट दाखवलं, “ते काय?” माझा जीव भांड्यात पडला. आणखी आत नेलं. थांबलो. काकीनं उपासाची उकडलेली रताळी काढली, साहेबांनी दोन खाल्ली. सगळं कसं ठरवल्यासारखं चाललं होतं. दहाच्या सुमारास मी होडी परत फिरवली, आणि दोन वल्ह्यांनंतर खालून खर्र असा आवाज आला.

मी बांबू रेटला. बांबू हातभर चिखलात गेला, होडी जागची हलली नाही.

“बाई, थांबलात का?” साहेब म्हणाले.

“काही नाही, साहेब. जरा...”

काकीनं मागे वळून पाण्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदाच. झाडांच्या मुळांवर ओलाव्याची रेघ हातभर वर राहिली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आवाज दाबून विचारलं, “भरती किती वाजता धरलंस?”

“सव्वानवाक.”

“सव्वानवाक? एकादशीक?” तिनं बोटांवर मोजलं. “पाऊणपट केल्यार सव्वाआठ जातत. वरचो तास खंयसून इलो?”

वरचा तास तळखोलचा होता. तळखोल म्हणजे माझं माहेर, खाडीच्या वरच्या अंगाला, बंदरापासून कोसांवर. समुद्राचं पाणी चढत चढत तिथं पोचेपर्यंत तास उलटतो, म्हणून बाबांनी शिकवलेल्या हिशेबात पाऊणपट करून वर एक तास मिळवायचा असायचा. वीस वर्षांत भरतीची वेळ ठरवायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती, बंदरात ते काम बापयांचं, तीन महिन्यांच्या सरावाच्या वेळाही मी आमच्या ह्यांनाच विचारल्या होत्या. आणि ज्या दिवशी आली त्या दिवशी मी डोळे झाकून बाबांचा हिशेब केला होता. आम्ही धक्क्यावरून निघालो तेव्हाच पाणी उतरायला लागलं होतं.

काकीच्या सगळं ध्यानात आलं. “येडे!” ती म्हणाली. आता आवाज दाबायचंही तिला भान राहिलं नाही. “वीस वर्सां झाली तुका हडे येवन. भात हडेचो खातंस, देव हडेचे पुजतंस, आणि पाणी अजून म्हायारचा धरतंस?”

साहेब एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मालवणी त्यांना अर्धीच कळत होती, पण माझा चेहरा कुठल्याही भाषेत कळला असता.

“आपण अडकलो का?”

“हो, साहेब.”

“किती वेळ?”

“पाणी परत चढेपर्यंत. साडेसहा... सात.”

“संध्याकाळचे?” साहेबांचा आवाज किंचित चिरकला. “आणि होडी बुडाली म्हणजे?”

“सायबानू, घाबरा नकात,” काकी म्हणाली. “होडी काय बुडाची नाय. बुडूक पाणी खंय हा?”

त्यांनी बाहेर डोकावून पाहिलं. खरंच, पाणी डोळ्यांदेखत जात होतं. दोन्ही बाजूंनी काळा चिखल उघडा पडत होता, चकचकीत, मऊ. साहेबांनी पिशवी छातीशी धरली आणि देवाचं नाव घेतलं. मला तर वाटत होतं, हा चिखल दुभंगावा आणि मला पोटात घ्यावा. आठ जणींची होडी मी आपल्या हातांनी चिखलात रुतवली होती, तीही साहेबांसकट.

काकी काही वेळ इकडेतिकडे बघत बसली. मग ती उठली, लाइफ जॅकेट काढून घडी घातली, कासोटा वर खोचला आणि सरळ होडीच्या बाहेर उतरली. मला वाटलं, आता कमरेपर्यंत जाणार. ती घोट्यापर्यंत गेली आणि उभी राहिली.

“या,” तिनं साहेबांना हात दिला. “बूट काढा. माझ्या पावलावर पावल टाका. हडे तिकडे टाकलात तर मी जबाबदार नाय.”

“चिखलात?”

“चिखलाखाली दगड हा, सायबानू. गोदयेचो.”

ही गोदी मला ठाऊक होती, तशी सगळ्यांनाच होती. आमच्यासाठी ती कालवं काढायची जागा, दुसरं काही नाही. ओहोटीला काकी इथंच दगडाला चिकटलेली कालवं फोडायला येते. पाहुण्यांना हे दाखवावं असं आठ जणींतल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. पाहुण्यांना भरतीचं निळं पाणी दाखवायचं, चिखल तो काय दाखवायचा?

साहेबांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. पहिलं पाऊल ठेवताना त्यांनी डोळे मिटले होते. दुसऱ्याला एक उघडला. पाचव्या-सहाव्या पावलाला ते चक्क म्हणाले, “गार लागतंय हो!” मी होडीचा नांगर टाकून मागून निघाले.

एकामागून एक आम्ही चाललो, आणि पाणी जसं उतरत गेलं तशी आमच्यासमोर ती गोदी वर येत गेली. आधी एक लांब सरळ कड दिसली, मग तिच्या पायऱ्या, मग दोरखंड ओवायला भोकं पाडलेले दगड, एकेक माझ्या कमरेएवढा. मी आयुष्यात पहिल्यांदा ती नीट पाहत होते.

“हयसर तारवां येयत,” काकी सांगू लागली. मघाशी ती पाठ केलेलं बोलत होती, आता मनातलं बोलत होती. “भरतयेक आत घेवची, ओहोटयेक पाणी गेला की तारू उघड्यार बसता. मगे खालची बाजू खरवडायची, फळये बदलूचे, चुनो-तेल लावूचा. दुसऱ्या भरतयेच्या आत काम पुरा व्हया. आमच्या घरातले बापये ह्याच काम करीत. म्हणान तर आडनाव सुतार नसान सुद्धा घरात वाकस आसा.”

साहेब खाली बसले आणि त्यांनी त्या भोकात हात घातला. आतला दगड दोरांनी घासून काचेसारखा गुळगुळीत झाला होता. ते बराच वेळ हात फिरवत राहिले. “हे दोरानं झालंय?” त्यांनी विचारलं. “नुसत्या दोरानं?” त्यांच्या तोंडावरचा सरकारी भाव कुठल्या कुठे गेला होता.

आणि चिखल तर जिवंत झाला होता. एक नांगी मोठी असलेले लाल खेकडे बिळांतून बाहेर येऊन नांग्या हलवत होते, शेकड्यांनी. निवट्या, म्हणजे चिखलावर सरपटणारे मासे, पोटावर उड्या मारत होत्या. कुठून कुठून बगळे उतरले, वाकड्या चोचीचे पाहुणे पक्षी उतरले, आमच्यापासून वीस पावलांवर निवांत टोचू लागले. सकाळभर आम्ही ज्या पक्ष्यांना लांबून बोट दाखवत होतो, ते सगळे इथं पंगतीला बसले होते.

“हलू नका,” काकी एकदम कुजबुजली.

पलीकडच्या मुळांतून एक पाणमांजर बाहेर आलं. मागून दुसरं. मग तीन पिल्लं. चिखलाच्या उतारावर ती पोटावर घसरली, खालच्या उथळ पाण्यात पडली, परत वर चढली, परत घसरली. एक पिल्लू उलटं घसरलं आणि आईच्या अंगावर जाऊन आदळलं. आईनं त्याच्या मानेला धरून असं झटकलं की साहेबांच्या तोंडून “अगं आई!” निघून गेलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेला माणूस, गळ्यात बूट, गालावर चिखल, आणि डोळ्यांत पाणी. ते हसत होते, अगदी आवाज न करता, खांदे हलवत.

पाणमांजरं गेली. मग साहेब माझ्याकडे वळले.

“बाई, मानलं तुम्हाला. मघाशी मी घाबरलो, पण आता ध्यानात आलं. मुद्दाम ओहोटी साधलीत ना? धक्क्यावर सांगितलं असतंत तर मी उतरलोच नसतो.”

“मगे!” काकी लगेच म्हणाली. “ह्या सगळा सुगंधाचा डोक्या.”

एक ‘हो’ म्हणायचं होतं, बस. होडी आमची झाली असती. काकी डोळ्यांनी मला तेच सांगत होती. मी तोंडही उघडलं. पण माझ्या डोळ्यांसमोर तीच होडी पुढे कधीतरी अशीच रुतलेली उभी राहिली, आणि तिच्यात दुसऱ्या कोणाची तरी म्हातारी आई, मांडीवरचं मूल, आणि दगडावरून वाट काढणारी काकी त्या दिवशी घरी.

“नाही, साहेब,” मी म्हटलं. “चुकलं. बंदराची भरती सव्वाआठला होती. मी माहेरच्या पाण्याचा हिशेब केला. तिथं तासानं उशिरा येते. तुम्ही विचारलंत ज्ञान आहे का, मी आहे म्हटलं.”

काकीनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की तो अजून आठवतो.

साहेबांनी पिशवीच्या दोन्ही गाठी सोडल्या, कागद काढला, आणि त्या प्रश्नापुढची खूण खोडली. कागद परत पिशवीत गेला. पुढे काकी, मधे ते, मागे मी, असे आम्ही गोदीच्या कडेनं काठावर आलो आणि होडी संध्याकाळच्या भरतीला आणायची ठेवून बांधावरून चालत बंदरात पोचलो.

आमच्या सहा जणी पानं मांडून वाट बघत होत्या. चिखलानं माखलेल्या साहेबांना बघून एकीच्या हातातला तांब्या पडला. “काय झाला गो?” तिनं विचारलं, आणि मी सगळ्यांसमोर परत तेच सांगितलं. कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

साहेब जेवले. सोलकढी दोनदा मागून घेतली. हात धुऊन गाडीत बसता बसता त्यांनी मला हाक मारली.

“उद्या बंदरात भरती किती वाजता?”

“उद्या द्वादशी. नऊ.”

“आणि तुमच्या माहेरी?”

“दहा.”

“म्हणजे ठाऊक दोन्ही आहेत,” साहेब म्हणाले. “उद्या परत येतो. स्वतःच्या खर्चानं. वेळ तुम्हीच सांगायची.”

“साडेसातला निघू,” मी म्हटलं. “साडेनऊला धक्क्यावर.”

काकी म्हणाली, “मी मोजूक बसतंय होडयेत.” तेव्हा कुठे सगळ्या हसल्या, आणि मी रडले.

दुसऱ्या दिवशी साहेब सव्वासातलाच हजर. सोबत त्यांच्या पत्नी, द्रौपदाबाई. ठेंगण्या, ठसठशीत कुंकवाच्या, अंगावर विटकं जुनं पातळ. मला जरा नवल वाटलं, सहलीला कोणी असं नेसून येतं का? पण विचारणार कशी? निघालो. मी ह्या वेळी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नाही, फक्त पाण्याकडे. चढत्या पाण्यानं होडी अलगद वर नेली, वल्हं फुलासारखं हलकं. काकणाचं घरटं झालं, खंड्या झाला, फाट्यात शिरलो. गोदी पुरुषभर पाण्याखाली होती. नऊ वाजले आणि मुळांवरचं पाणी चढायचं थांबलं, बरोबर ठरल्या वेळी. काकीनं माझ्याकडे बघून मान हलवली.

साहेबांनी पिशवी सोडली. काल खोडलेल्या जागेशेजारी परत खूण केली, खाली सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. पास. मी तो कागद दोन-तीनदा वाचला. काकीनं नाक पुसलं आणि लाइफ जॅकेटची पट्टी उगाच घट्ट केली. कांदळवनात नाचायची सोय असती तर मी नाचले असते. मी परतायला वल्हं पाण्यात घातलं.

“झालं?” द्रौपदाबाई म्हणाल्या. “अहो, अन् चिखल?”

माझं वल्हं पाण्यातच थांबलं.

“काल घरी आल्यापासून ह्यांच्या तोंडी दुसरं काही नाही,” त्या मला सांगू लागल्या. “दगड, खेकडे, ती मांजरं घसरतात ती. मी मुद्दाम जुनं पातळ नेसून आले, अन् तुम्ही नुसतं पाणी दाखवून परत नेता व्हय?”

साहेबांनी खाली बघितलं. ते आज बूट घालून आलेच नव्हते, पायात स्लिपर होती. मग ते माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाले, “बाई, सही तर झाली. आता जरा तुमच्या माहेरच्या वेळेनं चला.”

मी वल्हं आत घेतलं आणि पाणी उतरायची वाट बघत बसले.